भरल्या ताटावरून

१

आमच्या घरात नवराबायकोची जी काही भांडणं झाली, ती बहुतेक कचऱ्यावरून. चिकूची वाडी, वाडीच्या मधोमध घर, आणि कचऱ्याची गाडी थांबायची ती पार मोठ्या रस्त्यावर. खरकटं तिथवर न्यायचं कोणी? मी म्हणायची, हितेशने बाजारात जाताना न्यावं. हितेश म्हणायचा, इस्त्रीचे कपडे घालून निघालेल्या माणसाच्या हातात असली पिशवी देऊ नये. मग ती पिशवी मागच्या दारी उकिरड्यावर जायची. उकिरड्यावर माश्या, त्यांच्या मागे कुत्री, आणि एकदा मी भाताचं पातेलं झाडायला गेले तर पायापाशी धामण.

त्या दिवाळीआधी ओटा नवीन करायचा ठरला, तेव्हा हितेश वापीहून एक खोका घेऊन आला. सिंकच्या खाली बसवायचं मशीन. खरकटं वरून टाकायचं, ते आत दळलं जातं आणि पाण्याबरोबर मागच्या शोषखड्ड्यात जातं. त्याने ते तिथल्या एका व्यापाऱ्याच्या फ्लॅटमध्ये पाहिलं होतं. मला तर काय, हवंच होतं. अख्ख्या डहाणूत असं मशीन कोणाकडे नाही, हे मी ते बसायच्या आधीच दोघी-तिघींना सांगून मोकळी झाले होते.

बसवायला वेवजी गावचा पांड्या आला. वापीच्या दुकानात कामाला, त्यामुळे बोलणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं गुजराती. सिंकला नळ्या जोडून झाल्यावर त्याने मला समोर उभं केलं.

"भाभी, पहिला गार पाणी चालू. मग स्विच. मग थोडं थोडं टाकायचं, बद्धू, सगळं, एकदम नाय. हाडकं नाय, केळीचं सोपट नाय, शेवग्याच्या शेंगा नाय, गरम तेल नाय. चमचा-बिमचा पडला तर आधी प्लग काढायचा, मग चिमट्याने उचलायचा. आणि हात तर कधीच घालायचा नाय. बंद असला तरी नाय."

सिंकच्या भोकाला काळ्या रबराची झडप होती, मधून चिरलेली. मी भेंडीची देठं आणि दुधीच्या साली मुठीत घेऊन तयार उभी, तेवढ्यात आई दारात आल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, आनंदीबाई. मागच्या वर्षी झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी, वॉकर धरून चालायच्या. बोलणं मात्र स्वच्छ. आता आमच्याकडे अशी पद्धत आहे की आपण जेवत असताना, किंवा नुसतं अन्न हातात असताना, कोणी दारात आलं तर तोंडातून आपोआप 'या जेवायला' निघतं. समोरच्याने 'होऊ द्या' म्हणायचं, की संपलं. आम्ही पोस्टमनलाही म्हणतो. पण हातात साली आणि समोर सासूबाई, मला ओशाळल्यासारखं झालं, आणि ते झाकायला मी हसत म्हटलं, "या आई, जेवायला."

"आले गं," आई म्हणाल्या.

पांड्या खो खो हसला. मीही हसले. साली आत टाकल्या, घर्र झालं, आणि सिंक लख्ख.

२

सुरुवातीला मी त्या मशीनच्या प्रेमातच पडले होते. चहाचा चोथा, पपईच्या साली, डब्यातली परत आलेली पोळी, सगळं आत. मागचा उकिरडा वाळून गेला. कामाला येणाऱ्या तानीच्या कोंबड्यांचं खाणं तेवढं बंद झालं. ती भांडी बाहेरच्या नळावर घासायला लागली. का गं, म्हटलं, तर म्हणे, "आत नाय बरं वाटत, बाय. भायेर मोकळं हाय."

त्याच सुमारास भूकंपाचे धक्के सुरू झाले. तलासरीकडे जास्त, आमच्याकडे कमी. पण मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि माणसं अंगणात पळायची. घरातल्या कुठल्याही आवाजाला त्या दिवसांत ते एकच उत्तर होतं. त्यामुळे मशीनचं बटण बंद केल्यावरही आत काहीतरी थोडा वेळ चालूच राहतं, हे माझ्या लक्षात आलं तरी मी ते मनावर घेतलं नाही. घरघर नव्हती ती. ओला, सावकाश, मधेच थांबणारा आवाज होता, कवळी काढून ठेवलेलं म्हातारं माणूस काही चघळतं तसा. पाणी उतरत असेल, म्हटलं.

एके दिवशी दुपारी मी आईंचं ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मऊ भात, वरण, दुधीची भाजी. त्यांनी तोंड फिरवलं.

"मी जेवले."

"कधी जेवलात? मी आत्ता तर आणतेय."

"आत्ताच. साली होत्या. कोवळ्या होत्या हो, पण चहाची पावडर कशाला घातलीस त्यात?"

मला हसू आलं. झटक्यानंतर माणसं असं काहीबाही बोलतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुधी सोलताना त्यांनी पाहिलं असेल, चहाचा वास आला असेल. मी लाडीगोडी लावली, चमचा ओठांशी नेला. ओठ घट्ट मिटलेले. शेवटी कंटाळून ताट तसंच उचलून आणलं.

आता ते ताट ओट्यावर ठेवलं तर हितेशला दिसणार. आईने काही खाल्लं नाही म्हणणार, आणि चेहरा असा करणार की जणू मीच उपाशी ठेवली. मी नळ सोडला, बटण दाबलं आणि सगळं ताट आत सारलं. एवढंच केलं. कोणीही केलं असतं.

संध्याकाळी मी आईंचे पाय चेपत होते. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "वरणात आज हिंग जास्त झाला होता."

त्यांनी त्या वरणाला जीभही लावली नव्हती. आणि हिंग खरंच जास्त झाला होता.

३

मग ते रोजचंच झालं. ताट न्यायचं, मिनतवाऱ्या करायच्या, ताट आणायचं, मशीनमध्ये ओतायचं. हितेश विचारायचा, 'खाल्लं ना आईने?' आणि मी 'खाल्लं' म्हणायची. तो समाधानाने पान उलटायचा पेपरचं. खोटं बोलायला मला फार कष्ट पडत नाहीत हे मला तेव्हा नव्याने कळलं.

आई मात्र वाळत चालल्या. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या.

बोईसरहून सुषमाताई आल्या, हितेशची मोठी बहीण. आईशेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काड्या झाल्यात गं हाताच्या."

"जेवतात हो ताई. अंगी लागत नाही."

"काय देतेस?"

"सगळं देते."

"आई, जेवतेस ना गं पोटभर?"

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जेवते ना. मिळेल ते खायचं. काल मच्छीचे खवले होते. घशाला लागतात, पण खाल्ले."

सुषमाताईंची मान माझ्याकडे वळली. आदल्या दिवशी मी पापलेट साफ केलं होतं आणि खवले, शेपट्या पाण्याबरोबर आत सोडल्या होत्या. सिंकपाशी तेव्हा कोणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार मी वासासाठी लोटून घेतलं होतं.

"डोकं फिरल्यासारखं बोलतात हल्ली," मी म्हटलं.

"डोकं ठीक आहे तिचं," सुषमाताई म्हणाल्या. "चेहरा बघ तिचा. लाज वाटते तिला सांगायला."

त्या गेल्यावर मी मोरीचं दार लावून रडले. राग आला होता म्हणून नव्हे. सासूला उपाशी ठेवणारी सून म्हणून नात्यागोत्यात माझं नाव होणार, हे दिसत होतं म्हणून. आईंच्या घशाचा विचार मला नंतर आला. आधी माझ्या नावाचाच आला.

४

चमच्याचं घडलं ते सकाळी, भर उजेडात. आदल्या दिवशीचा पोह्यांचा लगदा मी मशीनमध्ये ढकलत होते. त्यात चहाचा चमचा होता तो मला दिसला नाही. असा काही खडखडाट झाला की मांडणीवरची झाकणं हलली. मी झटक्यात बटण बंद केलं.

आणि आईंच्या खोलीतून आवाज आला. किंकाळी म्हणता येणार नाही. तोंडात काही असताना माणूस ओरडलं तर निघेल तसा.

धावत गेले. आई उशीवर बसलेल्या, हनुवटीवरून रक्ताची धार, आणि डावा हात तोंडावर. हिरडी फाटली होती. खोलीत त्यांच्याजवळ काहीही नव्हतं, पाण्याचा पेलासुद्धा नाही.

"चमचा हळू घाल गं," त्या म्हणाल्या. "मी काय पळून जातेय का?"

डहाणू रोडच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. काय चावलं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कवळी बसत नाही, तीच लागली असेल. डॉक्टर म्हणाले, कवळीने असं होत नाही, पत्र्याने कापल्यासारखं आहे. हितेश माझ्याकडे बघत होता. मी पर्सची चेन उघडत आणि लावत बसले.

घरी येऊन मी प्लग काढला आणि चिमट्याने चमचा बाहेर घेतला. तो वाकला होता, कडेला चरे पडले होते. ते पात्यांनी पडले असणार, दुसरं काय? पण चमच्याच्या मधे खोलगट भागात थोडं रक्त होतं, अजून ओलं. माझ्या हाताला कुठे कापलंय का ते मी बघितलं. दोन्ही हात उलटसुलट करून पुन्हा बघितले.

भिंतीला पाठ लावून मी बसले ती बसलेच. दुधीच्या साली. चहाचा चोथा. खवले. अंड्यांची टरफलं. नासकं दूध. आंबट झालेली डाळ, वास येतोय म्हणून नाक दाबून ओतलेली. सगळं मी आठवत गेले. ज्या बाईने मला या घरात पहिल्या दिवशी स्वतःच्या ताटातला लाडू भरवला होता, तिला मी घरातलं उष्टं-खरकटं खाऊ घालत होते. आणि ती ते निमूटपणे खात होती, कारण मीच तिला बोलावलं होतं.

५

असं काही नसतं, हे मला कळत होतं. मी बी. कॉम. झालेली बाई आहे. माणसाचं तोंड त्याच्या डोक्यात असतं, सिंकमध्ये नसतं. पण कळणं एका बाजूला राहिलं आणि मी दुसऱ्या दिवशी आईंसाठी ताजा वरणभात केला, वर तूप घातलं, तो बोटांनी मऊ कालवला, आणि ताट घेऊन खोलीत न जाता सिंकपाशी उभी राहिले.

प्लग काढलेलाच होता. पुन्हा लावायची माझी हिंमत नव्हती. मी पहिला घास रबराच्या चिरांवर ठेवला. तो तसाच राहिला. मग बोटाने जरा आत ढकलला.

रबर माझ्या बोटांवर मिटलं.

घट्ट नाही. ऊनही नव्हतं, गारही नव्हतं. ज्याला दात नाहीत असं माणूस ओठांनी बोटं धरून घास काढून घेतं, तेवढंच. मग सुटलं. मग तो चघळण्याचा आवाज. मी हात काढून घेतला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. बहुतेक असं वाटलं की आता हात काढला तर ते फार वाईट दिसेल.

सगळं ताट गेलं. पाणीसुद्धा सोडावं लागलं नाही. खोलीत गेले तर आई उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला तुपाचा ओशटपणा होता. मी पदराने पुसला.

"आज पोट भरलं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी त्या मशीनमध्ये खरकटं टाकलं नाही. साली, देठं पुन्हा मागच्या दारी जायला लागली. हितेश चिडला, मशीन शोभेला आणलंय का म्हणाला. मी बिघडलंय म्हणून सांगितलं. सकाळी तो वाडीत गेला की मी पेज करायची, दुपारी गुरगुट्या भात, संध्याकाळी दुधात कुस्करलेली पोळी. आईंच्या गालांवर जरा रंग आला. निदान मला तो दिसत होता.

पण असं किती दिवस करणार? एका दुपारी मी सिंकवर वाकून, अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "आई, उठा आता. खोलीत चला. तिथे वाढते."

बोलले आणि जीभ चावली. आमच्यात पंगतीला आलेल्या माणसाला 'सावकाश होऊ द्या' म्हणतात. 'उठा' कोणी म्हणत नाही. जेवत्या माणसाला भरल्या ताटावरून उठवणं यापरता अपमान नाही, आणि मी तो सासूचा करत होते. रबराखाली चघळणं थांबलं होतं. आत कोणीतरी घास तोंडात धरून, आता गिळावा की थुंकावा अशा संकोचात बसलंय, असं मला स्पष्ट वाटलं.

"नाही, नाही," मी घाईने म्हटलं. "होऊ द्या. सावकाश होऊ द्या."

बऱ्याच वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला.

६

संक्रांतीनंतर सुषमाताई न सांगता आल्या. मागच्या दाराने आल्या, बहुतेक मुद्दाम. मला चाहूल लागली नाही, कारण त्या वेळी धक्का बसून भांडी वाजत होती आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत सिंकमध्ये होता. ओट्यावर आईंचं ताट, भात अर्धा संपलेला.

"हे आईचं जेवण?"

मी वळले. हात मात्र आतच.

"मयुरा, मी विचारतेय. आईचं जेवण मोरीत टाकतेस तू?"

त्यांनी ताट उचललं, भाताचा वास घेतला, त्यावरचं तूप पाहिलं, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"शिळंसुद्धा नाही गं. ताजं अन्न. ती तिकडे हाडांचा सापळा होऊन पडलीय आणि तू..." त्यांनी ताटातला सगळा भात सिंकमध्ये उपडा केला. "घे. टाकायचंच आहे ना? मग पुरतं टाक. दळून टाक सगळं."

खाली वाकून त्यांनी प्लग लावला आणि हात बटणाकडे नेला. माझी बोटं आत होती हे त्यांना दिसलं नसावं. मला त्या बोटांची काळजी वाटली नाही हे मी आजही शपथेवर सांगेन.

"नको!" मी किंचाळले. "आईंची जीभ तुटेल!"

सुषमाताईंचा हात हवेत राहिला. धक्का थांबला होता. नळातून पाणी ठिबकत होतं, आणि सिंकमधला भात हळूहळू, बटण न दाबता, खाली उतरत होता. त्यांनी तो पाहिला की नाही, मला माहीत नाही. पाहिला असेल तर त्या कधी बोलल्या नाहीत.

हितेश वाडीतून आला. त्या दोघांचं पुढच्या खोलीत बोलणं झालं. मग तो माझ्याजवळ येऊन बसला आणि इतक्या हळू आवाजात बोलला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला त्रास होतो का काही? आईचं करून करून दमलीस का? मला सांगायचंस ना."

तेव्हा सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण काय सांगू? तुझ्या आईला दिवाळीपासून मी माशांचे खवले चारले, नासकं दूध पाजलं, तिचं तोंड कापलं, असं? ते खरं मानलं तर तो माझं तोंड बघणार नाही. आणि खोटं मानलं तर मी वेडी. दोन्हीपैकी एकही मला चालण्यासारखं नव्हतं.

"दमलेय," मी म्हटलं.

"ते मशीन काढून टाकू," तो म्हणाला. "घरात आल्यापासून काही ना काही चालूच आहे. उद्या पांड्याला बोलावतो. भंगारात देईल तो."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

७

पांड्या आला तेव्हा जेवणाचीच वेळ होती. सुषमाताई राहिल्या होत्या. त्यांनी दहीभात कालवून ताट माझ्या हातात दिलं.

"आता आमच्यासमोर भरव."

आईंच्या पलंगाशी मी बसले, उशाला सुषमाताई, दारात हितेश. मी घास उचलला. आईंचे ओठ मिटलेले; कालपासून त्या कोणाशी बोलल्याही नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.

तिकडून पान्याचा आवाज आला. गंजलेली चकती फिरवताना येते तशी कुरकुर, आणि आईंची मान डावीकडे वळली. आवाज थांबला, मान थांबली. पुन्हा कुरकुर, पुन्हा मान. जितकी वळायला हवी त्याहून थोडी जास्त.

"आई, इकडे बघ ना," सुषमाताई म्हणाल्या. "मयुरा, भरव की."

मी हितेशकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत केवढी आशा होती. घास तसाच मुठीत धरून बसले. पलीकडे काहीतरी जड वस्तू सुटून गोणीत पडल्याचा आवाज झाला. आईंची मान परत सरळ झाली आणि त्या उशीत खचल्या.

"झालं, शेठ!" पांड्याने हाक मारली. "नेतो हां."

बाहेर मोटारसायकल सुरू झाली.

"मयुरा," आई म्हणाल्या. "मला कुठे नेतात गं?"

"बोलली!" सुषमाताई रडत हसल्या. "आई, कुठेच नाही नेत गं, इथेच आहेस तू."

"मयुरा, माझं व्हायचंय अजून."

मोटारसायकल वाडीच्या वाटेला लागली होती. आईंचे ओठ पुन्हा हलले, तसेच, तितकेच. पण या वेळी तेच शब्द दुरून आले, अंगणाच्या पलीकडून हाक मारावी तसे. तिसऱ्यांदा ओठ हलले तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही.

मी उठले. हितेशने दारात माझा दंड धरला, मी तो हिसडा देऊन सोडवला. अंगात घरातला गाऊन, वर ओढणी, पायात काही नाही. चिकूच्या वाळक्या पानांवरून पळत सुटले. मागून सुषमाताईंचा आवाज येत होता, "धर तिला, हितेश, धर." पुढच्या वाडीतल्या बायका करंड्या भरायच्या थांबल्या. त्यातली एक मला ओळखते. तिने मान खाली घातली.

रेल्वेचं फाटक पडलं होतं. रिक्षा, चिकूचा टेम्पो, शाळेतून मुलं आणणारी व्हॅन, सगळे खोळंबलेले, आणि त्यांच्या मधे पांड्या, मागच्या सीटवर दोरीने बांधलेली गोणी. ती खालून ओली झाली होती आणि डांबरावर थेंब पडत होते.

"पांड्या, थांब. सोड ती दोरी."

"भाभी? काय झालं? पाय बघा तुमचे."

"सोड म्हणते ना."

त्याने सोडली. मी गोणी कवेत धरून रस्त्यावर उतरवली, तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि डाव्या हाताने तिचं तोंड उघडलं. आत लोखंड होतं, तुटलेला पाइप होता, आणि काळं रबर वर आलेलं. ते रबर थरथरत होतं. चिरांच्या मधे काहीतरी गुलाबी, ओलं, एकदा पुढे आलं आणि उजेड लागताच मागे गेलं. रस्त्याची धूळ त्यावर बसत होती.

मूठ अजून मिटलेलीच होती माझी. उघडली. दहीभाताचा घास तळहाताला चिकटून बसला होता. मी तो बोटांनी गोळा केला आणि आत हात घातला. ओठ मिटले. हळूच, ओशाळल्यासारखे.

"होऊ द्या," मी म्हटलं. "सावकाश."

कोणीतरी मोबाइल काढला. टेम्पोवाला खाली उतरून वाकून बघायला लागला, व्हॅनच्या काचांना पोरांनी नाकं लावली. माझाही फोन गाऊनच्या खिशात वाजत होता, हितेशचा असणार. वाजून थांबला, पुन्हा वाजला. आईंचं जेवण एवढ्या लोकांपुढे उघडं पडलं होतं. मी ओढणी काढली, गोणीच्या तोंडावर घातली आणि कडा नीट खाली दाबून धरल्या. माझ्या अंगावर नुसता घामाने भिजलेला गाऊन राहिला.

गाडी धडधडत गेली. फाटक वर झालं, पण कोणी पुढे जाईना.